हत्यार कोणाच्या हाती?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आज ‘मेकरस्पेस’ नामक दालने उघडण्याची अहमहमिका लागली आहे. थ्रीडी प्रिंटर, लेसर कटर मांडले जातात. विद्यार्थ्याने वस्तू स्वतःच्या हातांनी घडवावी, हा विचार निर्विवाद योग्य आहे. प्रश्न आहे तो ही दारे कोणासाठी उघडतात, हा.

ज्या समाजाने हत्यार धरणाऱ्या हाताला शतकानुशतके हीन लेखले, तेथे केवळ यंत्रखरेदीने श्रमप्रतिष्ठा येत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. स्वतंत्र भारताने तो बासनात गुंडाळला.

पुणे जिल्ह्यातील पाबळला मात्र डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेबाहेर फेकली गेलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती करीत विज्ञान शिकली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, ती या खेड्यात. एखाद्या विद्यापीठाच्या आवारात नव्हे!

महागडी यंत्रे अशिक्षितांच्या हाती कशी द्यावीत, असा आक्षेप येईल. पाबळने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. सार्वजनिक पैशातून उभारलेली प्रत्येक विद्यापीठीय कार्यशाळा आयटीआयचा विद्यार्थी, गावचा लोहार व शेतकरी यांना ठरावीक वेळी खुली असलीच पाहिजे. कारागिराला तेथे शिक्षकाचा दर्जा आणि मानधन मिळाले पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी अधिसभेत आणि रस्त्यावर लावून धरावी. अन्यथा ही दालने म्हणजे पांढरपेशांची नवी सोवळी ठरतील.