लव्हाळ्याची गाठ

लव्हाळ्याच्या नम्रतेचे संतांनी पुष्कळ कौतुक केले आहे. आमच्या जुन्नरच्या शेतकऱ्यापुढे मात्र ते कोणी करू नये! बिचारा दिवसभर वाकून पाती उपटतो आणि आठ-पंधरा दिवसांत शेत पुन्हा हिरवे. कारण खरा लव्हाळा वर नसतोच. तो मातीखाली गाठ धरून बसलेला असतो. मराठीच्या मास्तराला हे शेतीचे ज्ञान संगणकापुढे उपयोगी पडेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

गेल्या पावसाळ्यात आईच्या ओव्यांची संहिता छापून घेण्यासाठी आमचा पेनड्राइव्ह बाजारातल्या एका दुकानात जाऊन आला. घरी संगणकाला लावला, तो प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा एकेक शॉर्टकट! ओव्या मात्र कुठेच दिसेनात. त्यांत आईने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रणही होते. आई आता नाही, आणि मूळ कॅसेट केव्हाच झिजून गेली. शॉर्टकट पुसावेत, तर दोन मिनिटांत पुन्हा हजर. दुसरा पेनड्राइव्ह लावला, तर त्याचीही तीच गत.

दुरुस्तीवाल्याने निदान केले, "सर, सगळं फॉरमॅट मारून टाकू." आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, उंदीर झाला म्हणून घर पेटवतात का?" मला ते पटले.

अशा वेळी पदवीधर तज्ज्ञच हवा, ही समजूत पुण्यानेच खोटी ठरवली आहे. कैलास काटकर हे दहावीनंतर शिक्षण सोडून रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे गृहस्थ. 1990 च्या दशकात दुकानात येणारे संगणक व्हायरसने आजारी असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर औषध लिहिले आणि त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. उलट, 2010 साली उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' पेनड्राइव्हवरून पसरत असे आणि त्याने इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवली. तेव्हा पेनड्राइव्हपुढे थोरामोठ्यांची मात्रा चालत नाही. आपण लाजायचे कारण नाही.

चार दिवस वाचून, विचारून जे कळले ते असे. हा चोर बहुधा काही नेत नाही. तो आपले फोल्डर 'लपवलेले' अशी खूण करून झाकून ठेवतो आणि दारात त्याच नावाचा तोतया उभा करतो. तोतयावर टिचकी मारली की चोर जागा होतो. शॉर्टकट म्हणजे पात, गाठ संगणकात.

मग मी क्रम धरला. आधी पेनड्राइव्ह काढला, इंटरनेट तोडले. संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी 'टास्क मॅनेजर'मध्ये पाहिली. अनोळखी नाव बंद केले. पण पुसलेली फाइल पुन्हा यायचीच! शेवटी 'टास्क शेड्युलर'मध्ये गाठ सापडली. दर काही मिनिटांनी एक स्क्रिप्ट चालवावी, असा हुकूम तिथे कोणी लिहून ठेवला होता. आधी हुकूम रद्द केला, मग स्क्रिप्ट पुसली. त्यानंतर विंडोजमधल्याच 'डिफेंडर'ची ऑफलाइन तपासणी लावली. ती विंडोज जागे होण्यापूर्वी झडती घेते, त्यामुळे चोराला लपायला अंधार उरत नाही. पाव तासाचे काम. मग पेनड्राइव्ह लावून, काहीही न उघडता, तोही तपासला आणि 'अ‍ॅट्रिब' या जुन्या आज्ञेने लपवल्याची खूण काढली. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मात्र दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलला. हे सारे करूनही रोग उलटला, तर कागदपत्रे आणि छायाचित्रे तेवढी बाजूला काढून विंडोज नव्याने बसवावे. त्यात कमीपणा नाही.

गृहिणींना आणि आजोबांना एक सांगणे. पडद्यावर 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असे झळकले, तर फोन करू नये. खरा वैद्य असा दारोदार ओरडत फिरत नाही. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. तिथे वेळ दवडला की पैसे हातचे जातात.

आईचे फोल्डर परत दिसले, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. उघडले. आधी जात्याची घरघर, मग बांगड्यांचा आवाज, आणि मग ती. सौभाग्यवतींनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी मी त्या ओव्यांच्या तीन प्रती केल्या. एक संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक नाशिकला बहिणीकडे. तिचा फोन आला. बोलली काहीच नाही. मागे जाते तेवढे फिरत होते.