शून्य बेरजेची साक्ष

हिशेबाची बेरीज शून्य आली, की मन निवांत होते. पण शून्यासारखा फसवा साक्षीदार दुसरा नाही, असा आमचा अनुभव आहे.

शाळेतील मध्यान्ह भोजनासाठी आम्हांस रोज सकाळी पानांचा अंदाज द्यावा लागतो. एका आठवड्यात पाच दिवसांचा अंदाज आणि प्रत्यक्ष जेवणारी मुले यांतील फरक असा निघाला : +१२, −९, +७, −१४, +४. बेरीज शून्य, सरासरीही शून्य! कागदावर अंदाज अचूक. प्रत्यक्षात तीन दिवस अन्न उरले आणि दोन दिवस कमी पडले.

अशा वेळी प्रत्येक फरकाचे केवलमूल्य घ्यावयाचे असते. म्हणजे उणे चिन्ह बाजूस सारून शून्यापासूनचे अंतर तेवढे मोजावयाचे. त्यासाठी दोन उभ्या रेघांची खूण जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये योजली. आता बेरीज येते ४६, आणि रोजची सरासरी चूक ९.२ पानांची!

पाच आकडे हाताने होतील. वर्षभराचे संगणकाकडे सोपवावेत. पायथॉन या संगणकभाषेतील ‘अ‍ॅब्स’ ही आज्ञा एका संख्येस सहज लागू पडते. आकड्यांची साधी यादी पुढे केली, तर मात्र ती नाकारते. ‘नमपाय’ हा जोडसंच घेतला, की त्यातील ‘अ‍ॅब्स’ सबंध रांग स्वीकारते आणि प्रत्येक संख्येचे केवलमूल्य तिच्याच क्रमाने मांडून नवी रांग देते. मूळ रांग शाबूत राहते.

यात एक खोच आहे. आठ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात −१२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावतात. −१२८ चे केवलमूल्य १२८; त्याला तेथे जागाच नाही. यंत्र अवाक्षर न काढता पुन्हा −१२८ हेच उत्तर देते! म्हणून असे आकडे आधी सोळा बिटांच्या ऐसपैस घरात न्यावेत.

आणखी एक सांगावेसे वाटते. केवलमूल्य चूक किती ते सांगते. ती कोणास भोवली ते सांगत नाही. चौदा पाने उरणे आणि चौदा पाने कमी पडणे त्याच्या लेखी सारखेच. म्हणून आम्ही दोन्ही रांगा शेजारी शेजारी ठेवतो. पहिली आमचा अंदाज तपासते. दुसरी, चिन्हांसह असलेली, कोणत्या दिवशी मुले अर्धपोटी उठली याची आठवण देते.