पडदा हटला म्हणे!

गेल्या आठवड्यात हपिसात जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधला एक पोरगा डबा घेऊन शेजारी येऊन बसला. वय तेवीस, हातात पहिलाच बोनस, डोक्यावर शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता. म्हणाला, "दादा, तुम्ही पूर्वी डॅक मॉड करायचात ना? एक जण अठरा हजारांत मॉड केलेला डॅक देतोय. मूळ सात हजारांचा आहे, वरचे अकरा मॉडचे. ऐकून आलो त्याच्याकडे. खरंच हो, पडदा हटल्यासारखं वाटलं. घेऊ का?"

मी "सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. कारण नीट उत्तर द्यायचं तर स्वतःची लाज काढावी लागते, आणि ती कँटीनमध्ये काढता येत नाही. म्हणून म्हटलं वीकांताला इथेच काढू.

तर मंडळी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप आणि तिच्या आजूबाजूचं बिऱ्हाड. तुमच्या फोनात आहे, लॅपटॉपात आहे. वेगळा डबा घेऊन त्याला हेडफोन लावणाऱ्यांची एक जमात आहे, आणि तो डबा उघडून आतले भाग बदलणाऱ्यांची पोटजमात. ऑप-अँप उपटून महागडा ऑप-अँप बसवायचा, साधे कपॅसिटर काढून 'ऑडिओ ग्रेड' कपॅसिटर लावायचे, अडॅप्टर फेकून ट्रान्सफॉर्मरवाला पुरवठा जोडायचा. मग डोळे मिटून म्हणायचं, पडदा हटला. (हा पडदा दर सहा महिन्यांनी हटतो. एकूण पडदे किती होते हे कुणीच सांगत नाही.)

मी या पोटजमातीत होतो. नुसता होतो नाही, धंदा करत होतो. २०१७ साली माझ्याकडचा एक चिनी डॅक मी उघडला, लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं आणि दोन रविवार घालवून तो मॉड केला. काय वाजायला लागला म्हणून सांगू! तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू यायला लागल्या, तबल्याच्या बायाला पोट आलं. हपिसातल्या चौघांना ऐकवला. चौघांनीही तोच डॅक मागवला आणि माझ्याकडे दिला. सामान सोडून मजुरी प्रत्येकी अडीच हजार. मी घेतली. प्रामाणिकपणे घेतली, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या प्रामाणिकपणाबद्दलच आहे. माझा माझ्या कानांवर विश्वास होता.

२०१९ च्या पावसाळ्यात एका मित्राशी पैज लागली. तो हार्डवेअरवाला, दिवसभर ऑसिलोस्कोपसमोर बसणारा. म्हणाला, "अरे, तू कोड टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकतोस का? मग हे काय आहे?" मी म्हटलं, ये शनिवारी. माझा मॉड केलेला डॅक, एका सहकाऱ्याकडचा तोच मॉडेल पण हात न लावलेला, आणि गंमत म्हणून टीडीए१५४३ चिपवाला एक जुन्या पद्धतीचा डॅक. तिन्ही एकाच हेडफोन अँपला, मध्ये स्विचचा खोका. हेडफोन सेनहायझर एचडी ६५०.

ऐकण्याआधी त्याने मल्टीमीटर काढला. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज दशांश डेसिबलपर्यंत सारखा हवा, कारण दोन आवाजांत अर्ध्या-पाऊण डेसिबलचा फरक असला तर माणसाला 'हा मोठा आहे' असं वाटत नाही, 'हा चांगला आहे' असं वाटतं. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तर, त्याने शंभर हर्ट्झचा सूर वाजवला (स्वस्त मल्टीमीटर घरातल्या पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात, जास्त वरचा सूर दिला की थापा मारतात). हात न लावलेला डॅक: २.०० व्होल्ट. माझा: २.१८.

पाऊण डेसिबल जास्त. कुठून आला?

तासभर शोधल्यावर सापडलं. मूळ डॅकमध्ये चिपच्या पुढे ३.३ किलोओहमचे दोन रेझिस्टर होते, आणि आवाजाची पातळी सरळ त्यांच्या किमतीवर ठरते. मला त्या दिवशी दुकानात चांगल्या मेटल फिल्मचे ३.३ मिळाले नव्हते, म्हणून मी ३.६ चे घेतले होते. 'एवढ्याने काय होतंय' म्हणत. ३.६ भागिले ३.३, करा गणित. माझी ती सुटी तार, ते बायाचं पोट, ते अडीच हजार गुणिले चार, हे सगळं त्या काही पैशांच्या रेझिस्टरात होतं. चौघांच्या डॅकमध्येही मी तेच टाकले होते.

आवाज जुळवल्यावर सोळा फेऱ्या झाल्या. माझी बरोबर उत्तरं नऊ, मित्राची सात. नाणं उडवलं असतं तर आठ आली असती. नुसत्या नशिबाने सोळात बारा किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या जरा आत आहे, म्हणून बाराच्या पुढे गेलात तर बोला. मी गेलो नव्हतो. मजा म्हणजे चुकीचं उत्तर देतानाही मला पडदा स्पष्ट दिसत होता.

आता मॉडवाले काय म्हणणार ते मला पाठ आहे, कारण मीच ते म्हणायचो. पहिलं: "मापं काहीही सांगोत, तू तुझ्या कानांवर विश्वास ठेव." अहो, कानांवरच तर ठेवायला सांगतोय! डोळे तेवढे काढून घ्या म्हणतोय. कुठला डबा वाजतोय हे माहीत असल्यावरच जो फरक ऐकू येतो, तो कानांनी ऐकलेला नाही.

दुसरं: "झटपट स्विच मारून फरक कळत नाही, ताण येतो, महिनाभर सोबत राहावं लागतं." हा मुद्दा मला खरंच पटण्यासारखा वाटला, म्हणून तोही करून पाहिला. आवाज जुळवलेले दोन्ही डॅक कपड्याखाली झाकले. रोज संध्याकाळी बायको नाणं उडवून एक जोडायची आणि स्वतःच्या वहीत लिहायची. मी रात्री निवांत ऐकून माझं मत माझ्या वहीत. चौदा दिवस. चौदापैकी आठ बरोबर. बायकोचं मत विचाराल तर, तिला दोन्ही वह्या माळ्यावर हव्या होत्या.

तिसरं: "तुझे कान तयार नाहीत." असेलही. पण मग तयार कानांचं काय दिसतं? २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरान यांचा प्रयोग आला होता. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट, आणि तेच सीडीच्या सोळा बिटांतून काढून. ५५४ फेऱ्यांत २७६ बरोबर. त्यावर आक्षेप आले, की त्यांनी वापरलेल्या काही तबकड्यांचं मूळ रेकॉर्डिंगच तेवढं चांगलं नव्हतं, आणि आक्षेपात तथ्य आहे. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे, साडेबारा हजारांवर फेऱ्यांचे आकडे एकत्र केले. निकाल ५२.३ टक्के, प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांचा साठाच्या थोडा पुढे. मॉडवाल्यांच्या बाजूने मला सापडलेला सगळ्यात बळकट पुरावा हाच, म्हणून मी तो लपवत नाही. पण हा मुद्दाच वेगळा आहे. तिथे सीडीच्या पलीकडच्या आकड्यांची तुलना होती, एनई५५३२ काढून दुसरा ऑप-अँप लावण्याची नव्हती. आणि 'जमीन-अस्मान' म्हणणाऱ्याला बावन्न टक्के दाखवायचे म्हणजे जरा जास्तच.

एनई५५३२ वरून आठवलं. सत्तरच्या दशकातली चिप, जगभरातल्या स्टुडिओंच्या मिक्सिंग कन्सोलांत ती शेकड्यांनी बसलेली असते. म्हणजे तुमचं आवडतं गाणं रेकॉर्ड होतानाच तिच्यातून अनेकदा जाऊन आलेलं असण्याची दाट शक्यता. आता तुमच्या डॅकमधली ती एक काढून काय कुठला पडदा हटणार? उलट नुकसान होऊ शकतं. तिची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच्या घरात. मी एका सहकाऱ्याला लावून दिलेली एलएम४५६२, ५५ मेगाहर्ट्झ. चिप उत्तम आहे, पण सर्किट बोर्ड तिच्यासाठी आखलेला नव्हता, वर मी तिला सॉकेटवर चढवलेली. पैजेनंतर मित्राने स्कोपवर लावला तर ती काही मेगाहर्ट्झला स्वतःच गुणगुणत होती. हात लावला तर चटका. तो सहकारी दीड वर्षं सांगत होता की याच्या आवाजात 'हवा' जास्त आहे. हवा नव्हती हो, वाफ होती ती :-)

(ओपीए६२७ बद्दल तर बोलायलाच नको. अस्सल असेल तर एकेक नग हजारांत जातो, आणि बाजारात दोनशेला 'अस्सल' मिळतो. त्याचेही गुणगान ऐकलेत मी.)

मग डॅकमध्ये फरक ऐकूच येत नाहीत? येतात की! तो टीडीए१५४३ वाला मित्राने सोळापैकी चौदा वेळा ओळखला, भीमसेनजींच्या अभंगांतल्या टाळांवर. या डॅकमधून ओव्हरसॅम्पलिंग आणि फिल्टर काढून टाकलेला असतो, आणि 'नैसर्गिक', 'ॲनालॉगसारखा' म्हणून त्याचे भक्त आहेत. फिल्टर नसला की ४४.१ किलोहर्ट्झच्या पायऱ्या तशाच बाहेर येतात, आणि पायऱ्यांचा गुणधर्म असा की वरचे सूर उतरतात: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला ३.२. म्हणजे टाळ जरा मऊ. कुणाला आवडत असेल तर जरूर आवडावा, चहात साखर किती हा ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त तो गुण 'सत्याच्या जवळ' म्हणून विकू नका. इक्वलायझरची एक पट्टी खाली ओढली की बरीचशी तीच मऊ मिळते, फुकट.

दुसरा खरा फरक आउटपुट इम्पीडन्सचा, आणि हेडफोनवाल्यांनी खरं तर एवढंच शिकलं तरी पुष्कळ. एचडी ६५० चा इम्पीडन्स सांगायला ३०० ओहम, पण शंभर हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. डब्याचा स्वतःचा इम्पीडन्स ओहमभर असेल तर काही बिघडत नाही. पण १२० ओहम असेल (जुन्या मानकात तेवढा होता) तर गणित करून बघा, खर्ज सुमारे एक डेसिबलने फुगतो. हा फरक आंधळ्या चाचणीतही कळू शकतो. कानात घालायच्या बहु-ड्रायव्हर इअरफोनना तर पाच-दहा ओहमही नडतात. काही मॉडर 'संरक्षणासाठी' म्हणून आउटपुटला रेझिस्टर लावतात आणि मग 'खर्ज कसा भरलाय बघ' म्हणतात. भरलाय खरा.

तिसरा, लॅपटॉपच्या चार्जरमधून येणारी गुणगुण. तीही खरी. तिला अर्थिंग बघा, चार्जर काढून बघा. अकरा हजार लागत नाहीत.

मला राग फसवणुकीचा कमी आणि त्यातल्या निरागसपणाचा जास्त येतो. त्या पोराला अठरा हजार सांगणारा माणूस चोर नसणार. तो बहुधा २०१७ चा मी आहे. त्याला ऐकू येतंय, गिऱ्हाइकाला ऐकू येतंय, दोघंही खूश, मग तक्रार कुणाची? तक्रार अशी की मल्टीमीटर पाचशे रुपयांना मिळतो, फूबारमधली ऐकून ओळखायची चाचणी फुकट मिळते, आणि पैसे घेण्याआधी एक शनिवार त्यावर घालवायचा नाही हे त्याने (आणि मी) ठरवलेलं असतं. कस्टमरकडून बिल घेऊन "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्याला आपण हपिसात काय म्हणतो?

आणि ऐकायचं काय, तर आमच्यासारख्यांचं अर्धं प्रेम जुन्या ध्वनिमुद्रणांवर. कुमारजींची, भीमसेनजींची जुनी टेप. टेपची स्वतःची खरखर मूळ आवाजाच्या साठ-सत्तर डेसिबल खाली, सोळा बिटांची शहाण्णव. ॲपलच्या त्या हजारभर रुपयांच्या शेपटीची मापंही सोळा बिटांच्या पायरीशी येऊन टेकतात. (युरोपात विकतात तिचा आवाज कमी आहे आणि काही अँड्रॉइड फोनांवर ती दबून वाजते, एवढं बघून घ्या.) टेपच्या खरखरीवर एकशे वीस डेसिबलचा डॅक लावणं म्हणजे धुक्यात चष्मा पुसत बसणं.

पोरा, तू हे वाचशील म्हणून सरळ लिहितो. घेऊ नकोस. सात हजारांचाही घेऊ नकोस, तुझ्या लॅपटॉपात गुणगुण नसेल तर. पैसे घालायचेच असतील तर हेडफोनवर घाल, कारण दोन हेडफोनांत पाच-पाच, दहा-दहा डेसिबलचे फरक असतात आणि ते कुणालाही, डोळे बांधूनही कळतात. डिसेंबरात सवाईला ये माझ्यासोबत, तंबोरा समोर बसून कसा वाजतो ते एकदा ऐकून घे. आणि आवाज कमी ठेव. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास सांगते, आणि आपल्या हपिसात हेडफोन चाळीस तासांच्या वरच असतो डोक्यावर. कानाचा ऑप-अँप बदलून मिळत नाही.

राहिली माझी गोष्ट. पैजेच्या दुसऱ्या आठवड्यात मी चौघांना गाठून झालेला प्रकार सांगितला आणि अडीच-अडीच हजार परत केले. दोघांनी हसून घेतले. वाफवाल्याने घेतले आणि पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, ते मला मान्य आहे. चौथ्याने पैसे घेतलेच नाहीत. म्हणाला, "तू काहीही सांग, माझा फार छान वाजतोय. रेझिस्टर काढायला आलास तर दार उघडणार नाही." अजूनही तोच वापरतो.

पोरगा येत्या शनिवारी घरी येतोय, त्या मॉडरचा डॅक एक दिवसासाठी मागून. खोका माळ्यावरून काढलाय, मल्टीमीटरला नवी बॅटरी घातलीय. माझा तो डॅकही ठेवलाय बाजूला, ३.६ च्या रेझिस्टरांसकट.