छाट कलमाला आधी हवा, मग खत

अंजिराची छाट कलमे तयार करताना माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात मिसळून पिशव्या भरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. मोकळ्या शेडनेटमध्ये त्यावर काम भागते. परंतु हिवाळ्यात खोलीत किंवा बंदिस्त ओसरीत कलमे रुजवताना हेच मिश्रण वापरणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळे नसलेल्या काडीला खताचा उपयोग नसतो. मुळे फुटेपर्यंत ती स्वतःत साठवलेल्या अन्नावर जगते. तिला हवी असते ओल, ऊब आणि हवा. जमिनीतील जादा पाणी खोलवर उतरते. पिशवीतील पाणी मात्र तळाशी अडून राहते. घरात ऊन-वारा कमी असल्याने ते लवकर सुकतही नाही. मातीचे बारीक कण पोकळ्या बुजवतात, अर्धवट कुजलेले शेणखत प्राणवायू ओढून घेते आणि काडीचे बूड काळे पडते. अंजिराला बहुधा पाने आधी फुटतात, मुळे नंतर. वरचे डोळे फुटलेले पाहून कलम लागले असे समजून आपण आणखी पाणी घालतो आणि तिथेच कलम दगावते.

याहून गंभीर प्रश्न सूत्रकृमींचा आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना अंजीर लवकर बळी पडते. जुन्या बागेतून पूना अंजिराच्या काड्या आणताना तिथलीच माती पिशवीत भरली, तर रोपाबरोबर रोगही नव्या बागेत पोहोचतो. तो पुढे अनेक वर्षे उत्पन्न खातो आणि बाग लावल्यानंतर त्यावर पूर्ण इलाज उरत नाही.

म्हणून घरात रुजवण्यासाठी कोकोपीट व परलाइट आकारमानाने समप्रमाणात घ्यावे. कोकोपीटमधील क्षार निघून जावेत म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी धुवावे. परलाइट न मिळाल्यास चाळून, धुऊन घेतलेली जाड वाळू चालते. क्रश सँडमधील भुकटी मात्र पूर्ण काढावी. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब गळावा. पाण्याची धार लागली तर ओल जास्त आहे. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस राखावे. पारदर्शक पेल्याच्या तळाला छिद्रे पाडून त्यात काडी लावल्यास मुळे डोळ्यांना दिसतात. ती पेल्याच्या कडेला पोहोचली की रोप निर्जंतुक माती व चांगल्या कुजलेल्या खताच्या मिश्रणात हलवावे. खताची वेळ तेव्हा येते.

हे माध्यम महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र एका काडीला ते पेलाभरच लागते. मेलेले कलम, वाया गेलेला हंगाम आणि रोगट बाग यांची किंमत कितीतरी अधिक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी केवळ शिफारस वाचून दाखवू नये. एकाच झाडाच्या दहा-दहा काड्या दोन्ही मिश्रणांत शेजारी-शेजारी लावून शेतकऱ्यांसमोर उपसाव्यात. ‘किती फुटल्या’ याऐवजी ‘किती मुळावल्या’ हे मोजण्याची सवय लागली, तरी पुष्कळ साधेल.