आमची वंशावळ थुंकीच्या नळीत नाही



परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींमध्ये सध्या एक नवे वेड आले आहे. एक किट मागवायचे, त्यातल्या नळीत थुंकी भरायची, ती कंपनीकडे पाठवायची आणि काही आठवड्यांनी मोबाईलवर आपल्या ‘पूर्वजांची टक्केवारी’ पाहायची. मग तो अहवाल इकडे गावाकडच्या ग्रुपवर येतो. कोणी लिहितो, ‘बघा, आपणच मूलनिवासी, आता विज्ञानानेच सिद्ध झाले.’ कोणाच्या अहवालात चार टक्के मध्य आशिया निघते आणि तो वेगळ्याच तोऱ्यात वावरू लागतो. आम्हाला या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच काळजीच्या वाटतात.

पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या थुंकीने रस्ता बाटू नये म्हणून त्यांच्या गळ्यात मडके बांधले जात होते. आज तीच थुंकी आपण पदरचे पैसे मोजून कंपनीला देतो आहोत. थुंकी देण्याला आमचा विरोध नाही. त्या नळीत आपण काय शोधतो आहोत, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या घराण्याचा इतिहास आपण शोधलाच पाहिजे, आणि तोही तातडीने. पण तो रक्तात सापडणार नाही. तो तहसीलच्या दप्तरखान्यात आहे, शाळेच्या जुन्या रजिस्टरात आहे आणि आपल्या वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या आजीच्या तोंडात आहे. आणि रक्ताच्या जोरावर श्रेष्ठत्व सांगणे हा तर ज्यांच्याशी आपला लढा आहे त्यांचाच युक्तिवाद आहे.

आधी ही चाचणी काय सांगते ते नीट समजून घेऊ. प्रत्येकाला निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो. दहा पिढ्या मागे गेलो तर आपले १,०२४ पूर्वज होतात. पण प्रत्येक पिढीत निम्मा भाग गळत असल्याने त्या १,०२४ पैकी कित्येकांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. वाय गुणसूत्राची चाचणी फक्त बापाच्या बापाच्या बापाची रेषा दाखवते, मायटोकॉन्ड्रियाची चाचणी फक्त आईच्या आईच्या आईची. म्हणजे १,०२४ मधून दोनच माणसे. उरलेल्या १,०२२ जणांबद्दल त्या दोन रेषा काहीच बोलत नाहीत.

टक्केवारीचेही तसेच. कंपनी आपला नमुना तिच्याकडे असलेल्या आजच्या जिवंत माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि साम्य सांगते. त्यामुळे एकाच माणसाचे दोन कंपन्यांचे आकडे वेगळे येतात, आणि कंपनीने संदर्भ नमुने बदलले की त्याच कंपनीचा जुना आकडाही बदलतो. ‘दूरचे नातेवाईक’ म्हणून जी यादी येते तिच्यातही गडबड असते. ज्या समाजात शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने झाली, तिथे दूरचा माणूसही जवळच्या चुलतभावासारखा दिसतो. जातव्यवस्थेने संगणकाचा हिशेबसुद्धा बिघडवून ठेवला आहे!

आता ‘डीएनएने सिद्ध झाले’ या घोषणेकडे वळू. २००१ साली मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातील काही जातींच्या नमुन्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उच्च जातींच्या पुरुषरेषा युरोपीय लोकांशी तुलनेने अधिक जुळतात, असा त्याचा एक निष्कर्ष होता. आपल्याकडच्या पत्रकांत, भाषणांत त्याचे थेट रूपांतर ‘ब्राह्मण विदेशी’ या घोषणेत झाले. पण संशोधन तिथे थांबले नाही. २००९ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी शेकडो हजार जनुकीय खुणा तपासून दाखवले की भारतातले बहुतेक सगळे समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले आहेत. प्रमाण कमीजास्त आहे, पण मिश्रण सर्वांत आहे. मग शुद्ध कोण आणि परका कोण?

आणि समजा उद्या एखाद्या चाचणीने सिद्ध केले की पुजारी आणि पोतराज यांचे रक्त शंभर टक्के सारखेच आहे. तर काय अस्पृश्यता न्याय्य ठरेल? आपला हक्क आपण इथे आधी आलो म्हणून नाही. आपण माणूस आहोत म्हणून आहे. आधी कोण आले यावर हक्क ठरवायचे म्हटले तर उद्या हाच नियम आपल्या शेजाऱ्यावर, मुसलमानावर, स्थलांतरित मजुरावर चालवला जाईल. तेव्हा आपण कोणत्या तोंडाने विरोध करणार?

बाबासाहेबांनी या सापळ्याचा विचार आपल्या आधी कितीतरी वर्षे केला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड वंशाने समजावण्याचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी तीच नाकाची मापे हातात घेतली आणि ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांच्याच आधारे दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये त्यांनी आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त तर स्पष्ट मांडले की जात ही वंशांची विभागणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. नाग लोकांचा वारसा त्यांनी आपल्याला सांगितला, तो बुद्धधम्म पसरवणाऱ्यांचा वारसा म्हणून. तेव्हा ज्यांनी नाकाची पट्टी फेकून दिली त्यांच्या अनुयायांनी थुंकीची नळी उचलून तोच खेळ खेळायचा का?

मग डीएनए आपल्या कामाचा अजिबात नाही का? आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीचे मर्म एका गोष्टीत शोधले: जातीतल्या जातीत लग्न. बाकी सारी लक्षणे त्यातून येतात. जवळपास शंभर वर्षांनी जनुकशास्त्र तिथेच पोहोचले. २०१३ च्या एका अभ्यासाने सांगितले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे समूहांची मोठी सरमिसळ झाली आणि नंतर ती थांबली. २०१६ मध्ये कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही उच्चवर्णीय समूहांत ही सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी तुटल्याचे दाखवले आणि त्याचा संबंध गुप्तकाळाशी जोडला. म्हणजे दारे आधी उघडी होती आणि नंतर ती कोणीतरी बंद केली. जे बंद केले ते उघडताही येते. डीएनएतून आपण घ्यायचा धडा हा आहे, आणि त्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी केव्हाच दिला आहे: आंतरजातीय विवाह.

दुसरा उपयोग आरोग्याचा. विदर्भात आदिवासी आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस धडधाकट दिसतो, म्हणून त्याला कळतही नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत रक्ताची साधी तपासणी होते. परदेशी टक्केवारीसाठी डॉलर मोजणाऱ्या तरुणाने गावाकडच्या बहीण-भावांची ही तपासणी लग्नाआधी करून घेतली, तर घराण्याच्या पुढच्या पिढीवर त्याचे खरे उपकार होतील.

एक धोकाही सांगितला पाहिजे. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली. सुमारे ६९ लाख ग्राहकांना त्याची झळ बसली. चोरांनी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून त्या विक्रीला काढल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लाखो लोकांचा डीएनए लिलावातली मालमत्ता झाला. आता आपल्याकडचा विचार करा. शतकानुशतकांच्या बंद लग्नांमुळे जातीची खूण जनुकांत उमटलेली असेल, तर आडनाव बदलून शहरात घर भाड्याने घेणाऱ्याची जात उद्या अशा यादीतून बाहेर यायला किती वेळ लागेल? १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींना जन्मानेच रजिस्टरात डांबले होते. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. जन्माच्या यादीचे काय होते हे ज्यांनी भोगले, त्यांनी स्वतःहून नव्या यादीत नाव घालताना दहा वेळा विचार करावा. आणि आपण नळी दिली म्हणजे आपल्या भावंडांची माहितीही दिली, त्यांना न विचारता.

काही मित्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे उदाहरण देतात. ते डीएनए चाचणी करतात, मग आपण का नको? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते, हे खरे. पण फरकही पाहा. गुलामांचा खंड, भाषा, गाव, नाव सारे हिरावले गेले. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत बहुतेक गुलामांचे नावसुद्धा नाही, फक्त वय, लिंग आणि रंग. मुक्त झालेल्या या माणसांची नावे १८७० च्या जनगणनेत प्रथम आली. त्याच्या मागे जायला कागद नाही म्हणून ते डीएनएकडे वळतात. आपले गाव आपल्याला ठाऊक आहे. कित्येकांच्या आडनावातच ते आहे. आपल्याकडून हिरावली गेली ती जमीन, आणि तिचे कागद अजून दप्तरात पडून आहेत. कृष्णवर्णीयांकडून घ्यायचा धडा वेगळाच आहे. यादवी युद्धानंतर मुक्त गुलामांसाठी काढलेल्या सरकारी खात्याची जुनी कागदपत्रे हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून वाचली, त्यातले एकेक नाव संगणकावर चढवले आणि सर्वांना फुकट खुले केले. ऑनलाईन साधनांचा खरा उपयोग हा.

आपल्याकडे हे होऊ शकते का? झालेले आपण पाहिले आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली. मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले, दप्तरखाने उघडले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. त्या मागणीच्या बाजूने की विरुद्ध, हा वाद इथे नको. पण एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने मनावर घेतले तर जुने कागद सापडतात. मग महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्यानंतर कोणाकडे गेल्या, हे शोधायला अशी समिती का नाही? ही मागणी आपण केली पाहिजे. आणि सरकारची वाट न पाहता कामाला लागले पाहिजे.

तहसीलमधून गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, किंवा कोतवाल बुकाची नक्कल मागा. पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले, ते रजिस्टर आजही जपलेले आहे. तुमच्या आजोबांचे नावही अशाच एखाद्या शाळेच्या कपाटात असेल. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. शोधताना फक्त आडनावावर विसंबू नका. एकाच आडनावाची घरे शेकडो गावांत आहेत, जुन्या नोंदीत आडनाव नसतेच, नुसते ‘अमुक वल्द तमुक महार’ असते. गाव आणि बापाचे नाव ही किल्ली धरा. पलटणीतल्या पूर्वजांच्या नावाला ‘नाक’ जोडलेले असेल, जसे भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर आहे. आणि प्रत्येक गटातल्या निदान एकाने मोडी शिका. मराठवाड्यात उर्दू वाचणारा सोबत घ्या.

हे कागद केवळ अभिमानासाठी नाहीत. जात पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. धर्मांतरानंतर ज्यांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लागले त्यांची मुले त्या एका कागदासाठी हेलपाटे घालतात, प्रवेश हातचा जातो. वारस नोंदीलाही वंशावळ लागते. तिथे कंपनीचा रंगीत अहवाल कोणी विचारत नाही.

आणि वंशावळ लिहिताना बायकांची नावे लिहा. दप्तरात फक्त वल्द आहे, म्हणून आपल्या वहीतही आजीचे, पणजीचे, लेकींचे नाव नसेल तर आपण मनूचीच वही पुढे चालवली असे होईल. ती नावे कागदात नसतील तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारा. माहेर कुठले, कोणत्या दुष्काळात गाव सोडले, गिरणीत कोण लागले, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर घरातले कोण होते. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे. कागद दहा वर्षांनीही दप्तरात असेल. ती माणसे नसतील.

म्हणून आमचे आवाहन आहे: येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतल्या किमान पाच वृद्धांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि घरातल्या एका तरी पूर्वजाची नोंद दप्तरातून नकलून आणावी. आपण कोणाच्या रक्ताचे आहोत हे सांगायला आपल्याला प्रयोगशाळा नको. आपल्या माणसांचे काय झाले हे सांगायला मात्र कागद हवा, आणि तो आपल्यालाच शोधावा लागणार आहे.

जय भीम! जय संविधान!