विश्लेषण : ‘परदेशी झाडं नकोत’ म्हणताना नेमकं काय नको असतं?

पावसाळा सुरू झाला की वृक्षारोपणाच्या फोटोंखाली एक वाद ठरलेला असतो. कुणी गुलमोहर लावला की लगेच कमेंट येते, ‘परदेशी झाडं कशाला? देशी लावा!’ गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे खरंच. पण मग चिंचेचं काय करायचं? तीही आफ्रिकेतलीच, फक्त इतक्या पूर्वी इथे आली की शास्त्रीय नावातच ‘इंडिका’ लागलं. मिरची, बटाटा, टोमॅटो अमेरिका खंडातले. या हिशेबाने आपली मिसळही परदेशी ठरेल.

परकी आणि आक्रमक यात फरक काय?

माणसाने मुद्दाम किंवा नकळत मूळ प्रदेशाबाहेर नेलेली प्रजाती म्हणजे परकी प्रजाती. ती नव्या जागी पसरून तिथल्या जीवांचं नुकसान करू लागली, तरच तिला आक्रमक म्हणतात. ‘आयपीबीईएस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार, जगभरात ३७ हजारांहून अधिक परकी प्रजाती नव्या ठिकाणी रुजल्या आहेत. त्यातल्या घातक ठरलेल्या साडेतीन हजारांहून थोड्या अधिक. म्हणजे साधारण दहात एक.

ती एक किती महागात पडते, हे गाजर गवताने दाखवलंय. १९५०च्या दशकात ते पुण्यात आढळलं. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हासोबत त्याचं बी आलं, असं मानलं जातं. आज पडीक रानं, शेताचे बांध, रेल्वेच्या कडा त्याने व्यापल्या आहेत. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि उपटणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते. त्याला खाण्यासाठी १९८०च्या दशकात सोडलेला भुंगा कुठला? मेक्सिकोचा. म्हणजे तोही परदेशीच.

मग ‘देशी’ कशाला म्हणायचं?

इथे खरी गडबड आहे. निसर्ग देशाची सीमा ओळखत नाही. उजनीतली चिलापी आफ्रिकेची, हे अनेकांना माहीत असतं. पण धरणांमध्ये ज्यांचं बीज सोडलं जातं ते कटला आणि रोहू मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. मासे अस्सल भारतीय, पण भीमेत पाहुणे. आणि आता या सगळ्याच माशांवर मच्छीमारांची घरं चालतात, त्यामुळे ‘परके मासे हटवा’ म्हणणं कमेंटमध्येच सोपं.

झाडांचंही तेच. सोलापूरजवळची माळरानं ओसाड वाटतात, म्हणून तिथे झाडं लावायचा मोह होतो. पण ते गवताचं जंगल आहे. माळढोकाला दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते, काळविटाला धावायला जागा लागते. त्या माळावर हजार कडुलिंब लावले, तर फोटोखाली ‘परदेशी’ अशी कमेंट कुणी करणार नाही. माळढोकासाठी मात्र ती जागा संपलेली असेल.