दोन तास पाणी

आमच्याकडे विहिरीचं पाणी कोणी लिटरमध्ये सांगत नाही, तासांत सांगतात. "आमची चार तास चालते." "आमची आली अर्ध्या तासावर." लहानपणापासून हेच ऐकत आलो आणि त्यात काही चुकत असेल असं कधी वाटलं नाही.

मार्चमध्ये गावी गेलो तेव्हा धाकट्या चुलतभावाने बोअर घ्यायचं ठरवूनच टाकलं होतं. पाणाड्या येऊन गेला होता, नारळ तळहातावर उभा राहिला होता, बांधाजवळ चुन्याची फुली मारली होती. कर्जाचे कागदही तयार.

"दादा, दोनच तास पाणी आहे रे. डाळिंब जळायचं."

म्हटलं, एक दिवस दे मला. (घरचे वाचत असतीलच, म्हणून सांगून टाकतो: हो, त्या दिवशी जेवायला आलो नाही ते याच कारणाने.)

सामान काही नव्हतं. पोलादी टेप, टोकाला बांधलेला नट, खडू, घड्याळ, वही. टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, तो विहिरीत सोडायचा आणि वर ओढून भिजलेली खूण वाचायची. कठड्यावर रंगाची एक रेघ मारून ठेवायची, दरवेळी माप तिथूनच. भूजल सर्वेक्षणवाले जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. पण त्यातून तालुक्याची तब्येत कळते, आमच्या विहिरीची नाही.

विहिरीचा व्यास ६ मीटर. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर हलली की साधारण २८३ लिटर. साडेआठला लाइट आली, मोटर चालू केली. साडेदहाला बंद केली तेव्हा पाणी १८० सेंटिमीटर खाली गेलं होतं. हिशोब केला, ५१ हजार लिटर. तेवढ्या वेळात झऱ्यांनी फार तर पाचेक हजार दिलं असेल. म्हणजे ज्याला आम्ही "दोन तास पाणी" म्हणतो ते जवळजवळ सगळं रात्रभरात खड्ड्यात साठलेलं असतं. खडकाची ताकद त्यात दिसतच नाही! उद्या दहाची मोटर बसवली तर हीच विहीर एका तासावर येईल आणि आम्ही म्हणू, पाणी आटलं.

खरी परीक्षा मोटर बंद झाल्यावर सुरू होते. दर अर्ध्या तासाने मोजलं: ९, ८, ८, साडेसात, ७, ७. पाणी चढतं तसा झऱ्याचा जोर कमी होतो, हे अपेक्षितच. अमेरिकेत चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये पातळी वेळेनुसार कशी उतरते आणि पुन्हा चढते याचं गणित मांडलं. त्यांचं सूत्र अरुंद नळीसारख्या विहिरीचं. आपल्या रुंद विहिरींचं पोटच एवढं मोठं की तो साठा वेगळा धरावा लागतो. पण इतकं खोलात न जाताही पहिल्या तीन तासांत ४७ सेंटिमीटर, म्हणजे १३ हजार लिटर आले, हे तर साध्या गुणाकाराने कळतं. ठिबकवरच्या डाळिंबाला हे कमी नाही.

आणि मग दीड वाजता आकडा एकदम २ वर आला. पुन्हा २. मला वाटलं माझंच चुकतंय, टेप दोनदा सोडला. भाऊ म्हणाला, "खालच्यांची मोटर चालू झाली ना." शंभरेक पावलांवर त्यांचं बोअर आहे. साडेचारला लाइट गेली, त्यांची मोटर थांबली, आणि पुढच्या अर्ध्या तासात आमचं पाणी साडेपाच सेंटिमीटर चढलं.

वहीकडे बघून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

आपला काळा पाषाण सगळीकडे पाणी धरत नाही. धरतो तो भेगांमध्ये आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरांमध्ये. तो थर सातबारा बघून पसरत नाही. आम्ही चारशे फूट गेलो आणि तीच भेग लागली, तर नवं पाणी मिळणार नाही, आमच्याच विहिरीतलं दुसऱ्या नळीने वर येईल. वेगळी भेग लागेलही, नाही असं नाही. पण त्या जुगारासाठी कर्ज काढायचं तर निदान एका दिवसाची अशी वही कागदांना जोडलेली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्ज देणाऱ्यांनीच ती मागावी. सातबारा मागतात, जामीनदार मागतात, विहीर किती भरते हे मात्र कोणी विचारत नाही.

खडक पाणी किती वेगाने सोडतो याचा अंदाज एकाच विहिरीवरून येतो. तो किती साठवतो हे नीट समजायला मात्र दुसरी विहीर लागते, एकीतून उपसा करायचा आणि दुसरीत पातळी बघायची. म्हणजे खालच्यांची परवानगी हवी. बांधावरून आमचं त्यांच्याशी सहा वर्षं बोलणं नाही.

चुन्याची फुली अजून आहे, बोअर मेपर्यंत पुढे ढकललंय. तोपर्यंत खालच्यांकडे चहाला जायचं काम माझ्यावर आलंय. टेप पहिल्याच दिवशी न्यावा की नाही, हे ठरत नाहीये.